फौजेतला सुतार-गवंडी कसा घडतो?

डिसेंबर १९४१ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर अमेरिकेचे साडेचारशेच्या आसपास मरीन सैनिक होते आणि बांधकाम कामगार होते अकराशेहून जास्त. हे कामगार खासगी कंत्राटदारांचे. नौदलासाठी धावपट्टी, बराकी आणि तेलाच्या टाक्या बांधायला आलेले सुतार, गवंडी, यंत्रचालक, स्वयंपाकी. पर्ल हार्बरच्या पाठोपाठ जपानने वेकवरही हल्ला केला, तेव्हा त्यातल्या अनेकांनी दारूगोळा वाहिला, खंदक खणले, काहींनी तोफांवरही काम केलं. २३ डिसेंबरला बेट पडलं. बहुतेक कामगारांची रवानगी चीन आणि जपानमधल्या कैदी छावण्यांत झाली. ९८ जणांना जपान्यांनी बेटावरच राबवून घ्यायला ठेवलं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये त्या सगळ्यांना ठार मारलं.

सैन्याला स्वतःचे सुतार आणि गवंडी कशाला हवेत, कंत्राटदार आहेत की, असं कोणालाही वाटेल. कंत्राटदाराचा माणूस शांततेत उत्तम काम करतो. गोळीबार सुरू झाला की त्याचं काय करायचं, याचं उत्तर त्याच्या करारात नसतं. शिवाय गणवेश नसलेल्या माणसाने लढाईत हात घातला, तर शत्रू त्याला युद्धकैद्याचा दर्जा नाकारू शकतो, ही धास्ती वेगळीच.

अमेरिकी नौदलातले रिअर अ‍ॅडमिरल बेन मोरील यांनी यावर तोडगा काढला, तो म्हणजे बांधणाऱ्यालाच गणवेश द्यायचा आणि बंदूक शिकवायची. मार्च १९४२ मध्ये या दलाला सीबीज हे नाव मिळालं. सुरुवातीला आलेले लोक कसलेले होते. धरणं, महामार्ग, उंच इमारती बांधून आलेले, सरासरी वय ३७. युद्ध संपेपर्यंत सव्वातीन लाखांच्या वर माणसं या दलात काम करून गेली.

तेव्हा तयार कारागिराला सैनिक करत. आज उलटं आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या, कधी हातात करवत न धरलेल्या मुलाला आधी सैनिक करतात आणि मग काही आठवड्यांत सुतार-गवंडी. आपल्याकडे ज्या कामासाठी बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली वर्षंच्या वर्षं काढावी लागतात, ते इतक्या थोड्या वेळात कसं शिकवतात? अर्थात सगळं शिकवत नाहीत. पण जे शिकवतात त्याची निवड फार विचारपूर्वक केलेली आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

बारा डब्ल्यू

अमेरिकी लष्करात प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो. इंजिनिअर दलाची सगळी कामं १२ ने सुरू होतात. १२ बी म्हणजे लढाऊ इंजिनिअर, सुरुंग आणि स्फोटकं हाताळणारा. १२ के प्लंबर, १२ आर वायरमन, आणि १२ डब्ल्यू म्हणजे सुतार-गवंडी. जुने लोक याच कामाला ५१ बी म्हणतात, कारण पूर्वी तो क्रमांक होता. मधली काही वर्षं तो २१ डब्ल्यू होता.

भरतीच्या वेळी सगळ्यांना एक क्षमता चाचणी द्यावी लागते आणि तिच्यातल्या विषयांच्या गुणांची वेगवेगळी बेरीज करून कोण कशाला लायक ते ठरतं. १२ डब्ल्यूसाठी सामान्य देखभाल या गटात ८८ गुण लागतात. सरासरी १०० च्या आसपास धरलेली असते, म्हणजे ही अट फार कडक नाही. अमेरिकेचं नागरिकत्व हवं किंवा ग्रीन कार्ड. सुतारकामाचा अनुभव मागत नाहीत.

पहिले दहा आठवडे मूलभूत सैनिकी प्रशिक्षणाचे. इथे लाकूड-सिमेंटचं नाव नाही. रायफल, कवायत, पाठीवर ओझं घेऊन चालणं, प्रथमोपचार, हुकूम पाळणं. यातून पार पडलेल्यांना मग मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट इथे पाठवतात. तिथे सीबीजचा मोठा तळ आहे आणि बांधकामाची शाळा आहे. लष्कर, नौदल आणि हवाई दल तिघांचेही बांधकामवाले तिथे शिकतात. मेक्सिकोच्या आखाताकाठचं हे गाव २००५ च्या कॅटरिना वादळात अक्षरशः झोपलं होतं, आणि ते सावरायला सीबीजच हातोडे घेऊन रस्त्यावर उतरले होते. बांधकाम शिकायला याहून समर्पक गाव सापडणं कठीण.

लष्करी सुतार-गवंड्याचा गल्फपोर्टमधला अभ्यासक्रम साधारण सात-आठ आठवड्यांचा. त्यात नकाशा वाचणं, मापं, हत्यारं, लाकडी सांगाडा, छप्पर, काँक्रीट आणि ठोकळ्यांची भिंत हे सगळं येतं.

टेप कुठे धरायची

अमेरिकेत साधं घर लाकडी सांगाड्याचं असतं. खाली आडवी पट्टी, वर आडवी पट्टी, मध्ये उभे खांब, वरून प्लायवूड. उभ्या खांबांना दोन-बाय-चार म्हणतात, पण रंधा मारून विकायला येतात तेव्हा ते प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद भरतात. हे माहीत नसलेला माणूस नकाशावरून हिशेब करतो आणि फसतो. म्हणून हा धडा पहिल्याच दिवसांत येतो.

दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर १६ इंच. १६ च का? प्लायवूडचा तक्ता ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब येतो. ४ फूट म्हणजे ४८ इंच, ८ फूट म्हणजे ९६ इंच, आणि दोन्हीला १६ ने पूर्ण भाग जातो. तक्ता कसाही लावला तरी त्याची कड खांबाच्या बरोबर मध्यावर येते आणि पुढच्या तक्त्याला ठोकायला खांबाची उरलेली अर्धी जागा मिळते. तिथल्या टेपवर दर १६ इंचांना लाल खूण छापलेली असते ती यासाठीच.

आता खरी मेख. खूण करताना नवशिका पहिल्या खांबापासून १६ इंच मोजतो, खूण करतो, मग त्या खुणेला टेप लावून पुढचे १६ मोजतो. प्रत्येक वेळी केसभर चूक होते आणि दहाव्या खांबापर्यंत ती अर्धा इंच होऊन बसते. शिक्षक सांगतात, टेप एकदाच कोपऱ्याला अडकवायची आणि शेवटपर्यंत हलवायची नाही. आणि पहिली खूण १६ वर न करता सव्वापंधरा इंचांवर करायची, कारण खांब दीड इंचाचा, त्याची अर्धी जाडी पाऊण इंच. सव्वापंधरावर खांबाची कड ठेवली की त्याचा मध्य १६ वर येतो. तिथून पुढे सगळ्या खुणा १६-१६ च्या.

या पाऊण इंचात सात-आठ आठवड्यांच्या शाळेचं सगळं मर्म आहे. आपल्याकडचा जुना सुतार हे मोजत नाही, त्याचा हातच तसा बसलेला असतो. फौजेला त्या हाताची वाट बघत बसायला वेळ नाही. म्हणून तिने हातातलं ज्ञान काढून कागदावर मांडलं: आकडा, कारण आणि पायरी. एक जण जखमी झाला किंवा बदलून गेला, तर दुसरा येऊन त्याच खुणेपासून पुढे काम सुरू करू शकला पाहिजे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या सुतार-गवंड्यांकडचं किती ज्ञान असं कधी लिहिलंच गेलं नाही, आणि त्यांच्या पुढच्या पिढीने हत्यार खाली ठेवलं तेव्हा ते त्यांच्याबरोबरच गेलं.

काटकोन काढायची पद्धत मात्र जगभर एकच. एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, आणि तिरकं अंतर बरोबर ५ आलं की कोपरा गुण्यात. इमारत मोठी असेल तर ६-८-१० किंवा १२-१६-२० घ्यायचे, कारण लांबी जितकी जास्त तितकी चूक लवकर दिसते. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याच्या तळांवर प्लायवूडच्या हजारो झोपड्या उभ्या राहिल्या, त्यांचं नेहमीचं माप १६ बाय ३२ फूट. पुन्हा तेच गणित. दोन्ही बाजूंना ४ ने आणि ८ ने भाग जातो, म्हणजे तक्ते जवळपास न कापता बसतात. चारही कोपरे ठोकून झाले की दोन्ही कर्ण मोजायचे. ३५ फूट सव्वानऊ इंचांच्या किंचित वर भरले आणि दोन्ही सारखे असले की पुढे जायचं. नसले तर आत्ताच सरकवायचं. इथे राहिलेला एक इंच छपरापर्यंत पाठलाग करतो.

आधी फळ्या, मग काँक्रीट

आपल्याकडे सुतार वेगळा आणि गवंडी वेगळा. अमेरिकी फौजेने दोघांना एकाच माणसात का घातलं असावं? एक कारण उघड आहे: तिथली घरं लाकडाची, तेव्हा सुतार हाच मुख्य बांधणारा. दुसरं कारण काँक्रीटमध्ये आहे. ज्याला आपण सेंट्रिंग किंवा शटरिंग म्हणतो, ते सगळं सुतारकामच आहे.

ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो. ते द्रवासारखं सगळ्या बाजूंनी ढकलतं. आठ फूट उंच भिंतीच्या फळ्यांमध्ये ते एकदम वरपर्यंत भरलं, तर तळाशी दर चौरस मीटरला पावणेसहा टनांहून थोडा जास्त दाब येतो. फळ्या वर-खाली सारख्याच ताकदीने बांधल्या असतील तर खालून फुटणारच, आणि फुटलं की काही सेकंदांत सगळं काँक्रीट जमिनीवर. म्हणून खालच्या बाजूला आडवे वासे जवळजवळ लावायचे, फळ्यांना आरपार तारा किंवा पट्ट्यांनी आवळायचं, बाहेरून तिरके टेकू द्यायचे. आणि काँक्रीट हळूहळू, थरांनी भरायचं, म्हणजे वरचा थर पडेपर्यंत खालचा घट्ट व्हायला लागतो आणि दाब कमी होतो. किती वेगाने ओतायचं हे ठरवायला फळ्या किती सहन करतील ते कळावं लागतं. ते ज्याने फळ्या ठोकल्या त्यालाच नीट कळतं.

ठोकळ्यांच्या भिंतीतही मापाची तीच शिस्त. काँक्रीटचा पोकळ ठोकळा कागदावर ८ बाय ८ बाय १६ इंचांचा, प्रत्यक्षात त्याचं प्रत्येक माप पाऊण इंचाच्या निम्म्याने कमी. ती उणीव मसाल्याचा सांधा भरून काढतो. म्हणजे ठोकळा अधिक सांधा बरोबर १६, थराची उंची बरोबर ८. भिंतीची लांबी, दाराची रुंदी, खिडकीची उंची सगळं ८ च्या पटीत ठेवलं की ठोकळा फोडावाच लागत नाही. आधी दोन्ही कोपरे चार-पाच थर वर चढवायचे, ओळंबा आणि पाणसळ लावून तपासायचे, मग दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून मधली ओळ भरायची. दोरीला ठोकळा टेकवायचा नाही, पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवायची. एका ठोकळ्याने दोरी ढकलली की पुढचे सगळे त्या वाकड्या दोरीला मान देतात.

आपल्या गवंड्याला खटकेल अशी एक गोष्ट इथे शिकवतात. आपण वीट लावण्याआधी पाण्यात भिजवतो, कारण कोरडी भाजकी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. काँक्रीटचा ठोकळा मात्र भिजवायचा नाही, पावसात झाकून ठेवायचा. ओला ठोकळा किंचित फुगलेला असतो. भिंतीत बसल्यावर तो सुकतो, आक्रसतो आणि सांध्यांतून तडे जातात. दोन्ही नियम बरोबर आहेत, माल वेगळा आहे. आपल्याकडेही हल्ली ठोकळ्यांचं काम सर्रास होतं आणि त्यावर विटेसारखं पाणी मारलेलं दिसतं, तेव्हा हे सांगितलेलं बरं.

गवंडीकाम शिकवणाऱ्या शाळांमध्ये सरावाच्या मसाल्यात सहसा सिमेंट घालत नाहीत, नुसता चुना आणि वाळू. भिंत पूर्ण झाली, शिक्षकांनी तपासली की ती पाडायची, ठोकळे खरवडून साफ करायचे आणि पुढच्या तुकडीसाठी रचून ठेवायचे. शिकणाऱ्याच्या हाती भिंत राहत नाही.

तुकडीत गेल्यावर

शाळेतून बाहेर पडलेला मुलगा सुतार झालेला नसतो. त्याला मोजता येतं, सुरक्षितपणे कापता येतं, नकाशा वाचता येतो आणि सांगितलेलं काम बिघडवत नाही, इतकंच. खरं शिक्षण तुकडीतल्या सार्जंटच्या हाताखाली होतं. म्हणजे उस्ताद इथेही आहेच, फक्त मुलगा त्याच्याकडे कोरा जात नाही.

काय बांधतात? राहायच्या झोपड्या, स्वयंपाकघरं, शौचालयं, पहाऱ्याचे मनोरे, बंकर. बंकरचं छप्पर हा वेगळाच विषय आहे. तिथल्या साध्या घराच्या छपरावर माणसं-सामानाचा भार धरतात तो चौरस फुटाला २० पौंडांच्या आसपास. बंकरवर दोन फूट मातीची पोती रचली की तेवढ्याच जागेवर २०० पौंड होतात, आणि पाऊस पडून माती भिजली की त्याहून जास्त. घराच्या सवयीने तुळया लांब-लांब टाकल्या तर शत्रूचा गोळा पडायच्या आधीच छप्पर आतल्या माणसांवर बसेल. म्हणून तुळया जवळ-जवळ, खांबांना आडवे-तिरके आधार, आणि भार थेट जमिनीपर्यंत. सुतारकामातली चूक इथे जीव घेते.

प्रत्येक कामाचा लढाईशी संबंध असतोच असं नाही. २०१४ मध्ये लायबेरियात इबोलाची साथ आली तेव्हा अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर तुकड्या उपचार केंद्रं उभारायला गेल्या होत्या. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर अशा देशांत 'बियाँड द होरायझन' नावाच्या सरावांमधून शाळा आणि दवाखाने बांधले गेले. आपत्तीनंतरची डागडुजी तर नेहमीचीच.

पण तुकडी देशात असते तेव्हाचं आयुष्य वेगळं, आणि ते भरती होणाऱ्याला आधी कोणी सांगत नाही. सकाळी व्यायाम, मग गाड्यांची आणि हत्यारांची देखभाल, नेमबाजी, कागदपत्रं, साफसफाई. बांधकाम हाती असेल तेव्हाच बांधकाम. महिनोन्‌महिने करवत न धरता जाऊ शकतात आणि सुतारकाम हे असं आहे की सराव सुटला की बोटं विसरतात. ज्यांना हे काम मनापासून आवडतं त्यांचा सगळ्यात मोठा त्रास हाच.

यातून एक वाट निघते. इमारती बांधणाऱ्या तुकड्यांचा मोठा वाटा राखीव दलात आणि नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ सैन्यात आहे. तिथे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे द्यावे लागतात, बाकी वेळ आपला. सोमवार ते शुक्रवार बाहेर घरं बांधणारा सुतार गार्डमध्येही सुतारच असेल, तर त्याचा हात बसलेला राहतो आणि तुकडीला कसलेला माणूस मिळतो. बोलावणं आलं की मात्र नोकरी सोडून महिनोन्‌महिने जावं लागतं.

बढतीची शिडी सरळ आहे. पहिली काही वर्षं स्वतः ठोकायचं. सार्जंट झाला की आठ-दहा जणांचं काम वाटून द्यायचं, लाकूड-खिळे-सिमेंटचा अंदाज काढायचा, चूक कुठे होणार ते आधी ओळखायचं. त्यापुढे सुतार, प्लंबर आणि वायरमन या वेगळ्या वाटा १२ एच या एका क्रमांकात येऊन मिळतात. हा बांधकाम पर्यवेक्षक. तो करवत फारशी धरत नाही, पूर्ण इमारत त्याच्या नजरेखाली उभी राहते. चांगल्या कारागिराला बढती नकोशी वाटावी असं हे वळण आहे. लष्करात तिथेच थांबायची मुभा सहसा मिळत नाही.

स्त्रियांबद्दल एक नोंद. लढाऊ इंजिनिअरचं, म्हणजे १२ बीचं काम अमेरिकेत स्त्रियांना २०१५ मध्ये खुलं झालं. सुतार-गवंडीकामात त्या कितीतरी आधीपासून आहेत.

खडकीची वाट

भारतीय लष्करात हे काम सॅपर्सकडे, म्हणजे इंजिनिअर दलाच्या जवानांकडे आहे. इंजिनिअर दलाचे तीन गट: मद्रास बंगळुरूत, बंगाल रुरकीत आणि बॉम्बे आपल्या पुण्यात, खडकीला. पलीकडे दापोडीला मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. १९४३ मध्ये रुरकीत सुरू झालेली ही संस्था १९४८ मध्ये इथे आली आणि अधिकाऱ्यांपासून जवानांपर्यंत सगळे तिथे शिकतात.

आपल्याकडे लाकूडकाम आणि बांधकाम हे दोन वेगळे ट्रेड आहेत, दोन्हींची भरती ट्रेड्समन या सदरात होते. पण मोठा फरक दुसराच. अमेरिकेत सुरुंगवाला वेगळा, सुतार वेगळा. आपल्याकडे प्रत्येक जण आधी सॅपर. पूल जोडणं, सुरुंग काढणं, स्फोटकं, पाण्यावरचं काम हे सगळ्यांनाच शिकावं लागतं आणि त्यावर ट्रेड चढतो. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवलं, तेव्हा गोळीबारात वाट मोकळी करणारे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचेच. कारवारजवळच्या चेंडियाचे. हयातीत परमवीर चक्र मिळालेल्या पहिल्या वीरांपैकी ते एक.

मुंबईकरांनी सॅपर्सचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली इथले पादचारी पूल लष्कराने बांधले आणि फेब्रुवारी २०१८ अखेर ते खुले झाले. २०२४ मध्ये वायनाडच्या भूस्खलनानंतर चूरलमला इथे मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून उभारायचा पूल, दीड-एक दिवसात जोडला. त्या तुकडीत पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या.

२०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातला ३० टक्के भाग सेवा निधीत जातो आणि सरकार तेवढीच भर घालतं. बाहेर पडताना हाती येतात व्याजासह पावणेबारा लाखांच्या आसपास. कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. पेन्शन त्यांनाच. कारागिरीच्या अंगाने बघितलं तर चार वर्षं थोडी आहेत. सैनिकी शिक्षण आणि ट्रेडचं शिक्षण वजा केलं की प्रत्यक्ष कामाची वर्षं तीनच्या आसपास उरतात, आणि त्यातही सगळे दिवस बांधकामाचे नसतात. ज्या मुलाला बाहेर येऊन गवंडीकामच करायचं आहे, त्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

त्याला आणखी एक दार आहे, जे फार लोकांना ठाऊक नसतं. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या बॉर्डर रोड्स संघटनेत गवंडी आणि सुतार घेतात. हे लोक सैनिक नसतात, पण गणवेशात, लष्कराबरोबर काम करतात. तिचं भरती आणि प्रशिक्षण केंद्र पुण्यातच, आळंदी रस्त्यावर दिघीला आहे. इथे काम म्हणजे कामच, वर्षभर, बर्फात आणि दरडींखाली.

बाहेर पडताना

अमेरिकेत सैन्य सोडलेल्या सुताराला बाहेरचा कंत्राटदार पहिला प्रश्न विचारतो तो सफाईचा. फौजेचं काम मजबूत आणि झटपट, पण जिन्याचा कठडा, दाराची चौकट, कपाटाचे सांधे यांचा सराव त्याला थोडा. म्हणून बरेच जण पुन्हा उमेदवारी करतात, म्हणजे शिकाऊ कारागीर म्हणून राबतात. कामगार संघटनांची उमेदवारी साधारण चार वर्षांची असते. 'हेल्मेट्स टू हार्डहॅट्स' ही २००३ पासूनची योजना माजी सैनिकांना अशा उमेदवारीपर्यंत पोचवते, आणि जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने शिक्षणासाठी मिळणारा पैसा उमेदवारीच्या काळातही घेता येतो. नोकरीत असताना बाहेरच्या परीक्षा देऊन प्रमाणपत्रं मिळवायची सोय लष्करच करतं.

आपल्याकडे अग्निवीराला कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते मिळतं तेव्हा त्यावर ट्रेडचं नाव नीट लिहिलं आहे ना, हे खडकीतच बघून घ्यावं, घरी आल्यावर नाही. त्याबरोबर स्वतःची एक वही ठेवावी: कोणतं काम, किती मापाचं, त्यात आपण नेमकं काय केलं. जागा आणि तुकडीचा तपशील गुप्त असेल तर तो लिहायचा नाही. वीटकाम किती ब्रास, शटरिंग किती चौरस फूट, छपराच्या कैच्या किती, एवढं पुरतं. बाहेरचा ठेकेदार पदकापेक्षा हेच विचारतो.

आणि शरीराची नोंद. या कामात गुडघे, कंबर आणि कान जातात, ठोकळे कापताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसात बसते. दुखणं सहन करून पुढे चालायचं हे फौजेत अंगवळणी पडतं आणि त्यात नुकसान होतं, कारण दोन्ही देशांत अपंगत्वाचा दावा सेवेतल्या वैद्यकीय कागदांवर उभा राहतो. शिडीवरून पडलं, बोट कापलं, ऐकू कमी येतंय असं वाटलं, की त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लिहून घ्यायचं. सार्जंट रागावला तरी चालेल.